मुलांच्या हाती अर्धवट वस्तू द्या: लहानग्यांच्या कल्पनाशक्तीसाठी घरच्या घरी काय करता येतं

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र तुम्ही काढलंय, मीही काढलंय. माझी थोरली पाच वर्षांची असताना एका रविवारी तिने ते सलग चौथ्यांदा काढलं. आमच्या डोंबिवलीच्या खिडकीतून मलंगगडाची रांग दिसते. त्या रांगेत असा सरळ त्रिकोण कुठेच नाही. नारळ सोसायटीत दोन आहेत, तेही पंपाच्या खोलीला टेकलेले. मी म्हटलं, "दुसरं काहीतरी काढ की." ती म्हणाली, "दुसरं तू शिकवलंच नाहीस."

खरंच होतं. ते चित्र मीच तिला हात धरून शिकवलं होतं.

त्यानंतर मी बरंच काही करून पाहिलं, त्यातलं निम्मं फसलं. मी शिक्षिका नाही. बँकेत नोकरी करते, संध्याकाळी सव्वासातच्या आत घरी पोचत नाही, आणि घर साडेचारशे चौरस फुटांचं आहे. त्यामुळे मोठी खोली, मोकळा वेळ किंवा भरपूर पैसे लागतील असं इथे काही नाही. मुलांचं वय धरलंय साधारण तीन ते आठ.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं की हातातलं काम अर्धवट टाकू नये. मुलांच्या खेळात मात्र अर्धवटपणाच कामाला येतो. बटण दाबलं की गाणारी बाहुली पूर्ण झालेली असते, तिच्यात मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. ओढणीची गाठ मारून केलेल्या बाहुलीला मात्र तोंड नाही, आवाज नाही, नाव नाही. ते सगळं मुलालाच पुरवावं लागतं.

आधी हे जमवा

- पुठ्ठ्याची खोकी. किराणा दुकानात सकाळी माल उतरतो तेव्हा मागा, संध्याकाळपर्यंत ती भंगारवाल्याकडे गेलेली असतात.
- जुन्या ओढण्या, पंचे आणि एक तरी सुती साडी. साडीचा तंबू होतो, नदी होते, पदर होतो, दुकानाचं छप्पर होतं.
- बाटल्यांची झाकणं, रिकाम्या आगपेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, करवंट्या, शिंपले, चिंचोके, लोकरीचे तुकडे.
- शाडूची माती. गणपतीच्या कारखान्यात आधीपासून सांगून ठेवलं तर थोडी मिळते. एरवी कणीक आहेच. मीठ घालून मळली आणि फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-चार दिवस टिकते.
- एका बाजूने कोरे कागद. (कालनिर्णयवर डोळा ठेवू नका. त्याची मागची बाजूही छापलेली असते आणि घरातल्या कुणाला तरी ती हवीच असते.)
- खळ किंवा डिंक, बोथट टोकाची कात्री, कागदी चिकटपट्टी, जाड तेलखडू.
- एक जुनी मोठी चादर, आणि सुताराकडून साधारण दोन बाय तीन फुटांची प्लायवुडची फळी.

रंग भरायची पुस्तकं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. ती वाईट नसतात, प्रवासात तर फार उपयोगी पडतात, पण त्यातलं चित्र दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलेलं असतं.

एवढ्या भंगारात काय होणार, असं वाटत असेल तर कोसबाड आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची तयार साधनं तिथे परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी दगडगोटे, शिंपले, पानं आणि बिया हाताशी घेतल्या. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती म्हणून शाळा अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली.

आता सावधगिरी. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, बटणं, मणी, लहान झाकणं वेगळ्या डब्यात, उंचावर ठेवा. साधा हिशेब असा: सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून जे आत जातं ते घशातही अडकू शकतं. फुग्याचे फाटके तुकडे लगेच उचला. लांब दोरी किंवा ओढणी घेऊन मूल एकटं खेळत नाही ना, ते बघा. आणि जुन्या खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

१. चादर अंथरा, मगच पेटी उघडा

आमच्या घरातली निम्मी भांडणं पसाऱ्यावरून व्हायची. नवरा चिंचोक्यावर पाय पडला की ओरडायचा आणि मुलं पेटी बंद करायची. उपाय सासूबाईंनी काढला. चादर अंथरायची, जे काही मांडायचं ते चादरीवर. जेवायच्या वेळी चारही कोपरे उचलून गाठोडं बांधायचं आणि कपाटाखाली सरकवायचं. आवरायला दोन मिनिटं लागतात, मुलंच आवरतात.

मात्र चादरीने एक नवीन अडचण केली. धाकट्याने आगपेट्यांचं रेल्वे स्टेशन मांडलेलं असायचं, पत्रीपुलासकट, आणि गाठोडं बांधलं की ते मोडायचं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्यापासून तेच मांडायचा, पुढे जायचाच नाही. फळी आली ती त्यासाठी. जे मोडायचं नाही ते फळीवर मांडायचं आणि रात्री फळी पलंगाखाली सरकवायची. सकाळी ती बाहेर ओढली की खेळ कालच्या जागेवरून पुढे सुरू होतो. आमच्याकडे एक स्टेशन अकरा दिवस चाललं. आठव्या दिवशी त्यात वडापावची गाडी आली, दहाव्या दिवशी तिच्यावर छापा पडला.

सगळी पेटी एकदम ओतू नका. चार-पाच प्रकारच्या वस्तू बाहेर, बाकीच्या आत. पंधरा दिवसांनी अदलाबदल करा.

२. "कंटाळा आला" ऐकलं की "बरं" म्हणा

हे सगळ्यात अवघड आहे. मूल कंटाळलं की आपल्याला अपराधी वाटतं आणि आपण मोबाइल तरी देतो किंवा स्वतः विदूषक तरी होतो. माझा अनुभव असा की पहिली दहा-पंधरा मिनिटं कुरकुर चालते, पायात लुडबुड होते, फ्रिज तीनदा उघडला जातो. तेवढी काढली की मूल कुठेतरी रमतं. ती मिनिटं काढायची असतात, बस. "बरं" म्हणायचं आणि भाजी चिरत राहायचं.

मोबाइलबद्दल मी कुणाला शिकवण्याच्या लायकीची नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला माहीत असावा: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम, आणि एक वर्षाच्या आत अजिबात नाही. आम्ही वेळ मोजण्यापेक्षा जागा ठरवली. मोबाइल बघायचा तर स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून. स्टूल टोचतं, पोरं आपोआप उठतात.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. नातवंड रिकामं बसलेलं त्यांना बघवत नाही. सासूबाईंना मी सांगितलं, "त्याला काही सुचवू नका, पण तो बोलवेल तेव्हा जा." हे त्यांना माझ्याहून चांगलं जमलं.

३. हात मागे, तोंड बंद

मुलाने काढलेल्या चित्राकडे बघून आपण ठरलेली वाक्यं बोलतो. "हे काय काढलंयस?" मुलाला वाटतं, म्हणजे यांना ओळखू आलं नाही. "वा, छान!" हे न बघता म्हटलेलं असतं आणि मुलांना ते कळतं. "गाय जांभळी असते का?" यानंतर पुढच्या सगळ्या गाई पांढऱ्या किंवा काळ्या होतात.

त्याऐवजी जे दिसतंय तेवढंच बोला. "इथे खूप जोरात गोल गोल फिरवलंयस." "हा कोपरा सगळा रिकामा ठेवलायस." किंवा "सांग की याच्याबद्दल." मग ऐका. थोरलीने एकदा कागदभर काळं केलं होतं. मी मनातून घाबरले, पोरीला काय झालंय म्हणून. सांग म्हटल्यावर कळलं की ती लाइट गेलेली खोली होती आणि आत सगळेजण जेवत होते. कोण कुठे बसलंय तेही तिने बोटाने दाखवलं.

वयाचा अंदाजही असू द्या. दोन-अडीच वर्षांचं मूल नुसत्या रेघोट्या मारतं, तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद गोल जमू लागतो, आणि पुढे त्या गोलालाच हातपाय फुटतात. धड नसलेला, डोक्यातून पाय निघालेला हा माणूस जगभरची मुलं काढतात. "पोट कुठाय?" असं विचारून त्याला दुरुस्त करायला जाऊ नका, पोट आपापल्या वेळेला येतं.

"मलाच चित्र काढता येत नाही, मी मुलाबरोबर काय बसू?" असं म्हणणाऱ्यांनी वारली चित्रं नीट बघावीत. गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघा, बाकी काही नाही. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. ते किंचित कलते केले की माणूस धावतो, आणखी वाकवले की भात लावतो. जिव्या सोमा मशे यांनी एवढ्यावरच आयुष्यभर चित्रं काढली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काळ्या पाटीवर खडूने दोन त्रिकोण काढा आणि मुलाला विचारा, "हा आता काय करतोय?" पुढचं त्याच्यावर सोडा. वारलीचे छापे मिळतात ते मात्र घेऊ नका. सगळी माणसं एकाच मापाची नाचायला लागतात.

४. गोष्ट मध्येच थांबवा

वाचून दाखवायच्या गोष्टी वेगळ्या, त्या वाचाच. मी म्हणतेय ती अंधारात, पुस्तकाशिवाय सांगायची गोष्ट. नवीन रचायची गरज नाही. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, मोठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, काऊने दार वाजवलं. इथे थांबा. "मग?" तुम्ही विचारायचं, मुलाने सांगायचं.

पहिले काही दिवस उत्तर ठरलेलंच येईल, "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." हरकत नाही. मग एखादी वस्तू बदला. या वेळी पाऊस पडलाच नाही, कडक ऊन पडलं. मेणाचं काय झालं? धाकटा यावर ताडकन उठून बसला होता. त्या रात्री चिऊ काऊच्या दाराशी उभी होती आणि काऊ आतून म्हणत होता, "थांब, माझ्या बाळाला पंखा लावतो."

एक वही करा आणि मुलाने सांगितलेल्या गोष्टी त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवा. व्याकरण सुधारू नका. "टोमॅटोला लाज येऊन तो अजून लाल झालेला होता" हे वाक्य तसंच राहू द्या. आठ दिवसांनी तीच गोष्ट त्याला वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर राहतं आणि परत ऐकायला मिळतं, हे कळल्यावर मुलं गोष्टी लांबवायला लागतात. तुमचा हात दुखेल, तयारी ठेवा.

भोंडल्यात गाणी संपली की खिरापत ओळखायचा खेळ असतो, तोही उचला. झाकलेल्या डब्यात एक वस्तू घाला, हलवून आवाज ऐकवा, एकेक खूण द्या. खरं उत्तर आलं की थांबू नका, "अजून काय असू शकेल?" विचारत राहा. आमच्याकडे किल्लीच्या जागी "आजीचे दात" आले होते. आजी शेजारीच बसल्या होत्या.

५. भातुकलीत गिऱ्हाईक व्हा, मास्तर नको

खोटं खोटं खेळताना मोठ्यांनी खालची जागा घ्यावी. मूल डॉक्टर, आपण पेशंट. मूल कंडक्टर, आपण सुट्टे नसलेला प्रवासी. काय घडणार ते मुलाने ठरवायचं, आपण फक्त एखादी अडचण पुरवायची: "अहो, मला उतरायचं होतं ते स्टॉप गेलं मागे."

यातला मोठा सापळा म्हणजे शिकवण्याचा मोह. दुकान-दुकान रंगात आलेलं असतं आणि आपण विचारतो, "पाच रुपयांचं एक, तर तीन केळ्यांचे किती?" तिथेच दुकान बंद होतं. मी हे इतक्यांदा केलंय की थोरली मला "तू पैसे विचारणार असशील तर येऊ नकोस" असं आधीच बजावायची.

दुसरा सापळा, "मुलगा असून भातुकली?" हे वाक्य घरी, शेजारी, जिन्यात कुठेही ऐकू येईल. धाकटा खोट्या चहात साखर किती ते प्रत्येकाला विचारतो आणि लक्षात ठेवतो. मला यात काही वावगं दिसलं नाही.

मुलाचा एखादा न दिसणारा दोस्त असेल, त्याच्यासाठी तो ताट मांडायला सांगत असेल तर घाबरू नका. या वयात ते होतं, ताट मांडा. मात्र अडीच-तीन वर्षांचं होऊनही मूल बाहुलीला भरवणं, खोटा फोन लावणं असं काहीच करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोलणं फारच मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा जरूर दाखवा. शेजारणीच्या "बोलेल हो" वर विसंबू नका.

६. वर्षातून एकदा किल्ला करा, पण मुलांना करू द्या

मराठी पोरांना हाताने काहीतरी मोठं उभारायची इतकी चांगली संधी दुसरी नाही, आणि ती बापलोकांनी पळवलेली आहे. आमच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा असते. रात्री दोनपर्यंत वडील मंडळी नकाशे पाहून तटबंदी बसवतात आणि मुलं मातीच्या घमेल्याशेजारी डुलक्या काढतात. बक्षीस घ्यायला मात्र मुलाला पुढे करतात.

लागतं ते असं: आठ-दहा जुन्या विटा, दगड, गोणपाटाची दोन-तीन पोती, चाळलेली लाल माती, मोहरी किंवा हळीव, पाणी शिंपडायला भोकं पाडलेली बाटली, आणि बाजारातले मातीचे मावळे. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी रचायला घ्या. विटा-दगडांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर मातीचा चिखल. उतारावर मोहरी पेरा, वर पातळ मातीचा हात फिरवा आणि सकाळ-संध्याकाळ नुसता शिडकावा द्या. धार सोडली तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं आणि डोंगर टकला राहतो. हा आमचा पहिल्या वर्षीचा किल्ला.

मोठ्यांची कामं तीनच: विटा उचलणं, पाणी आणणं, वीज जोडायची असेल तर ती जोडणं. बाकी तोंडाने फक्त प्रश्न. उत्तम प्रश्न पाण्याचा. "एवढी माणसं गडावर राहणार, पाणी कुठून पिणार?" रायगडावर गंगासागर तलाव का आहे, हे धड्यात वाचून कळतं त्याहून असं चांगलं कळतं. आमच्या पोरांनी करवंटी पुरून टाकं केलं. ते गळलं, मग प्लास्टिकची पिशवी घातली, मग पावसाचं पाणी त्यात यावं म्हणून उतारावर बोटाने चर काढले.

पायथ्याशी पेट्रोल पंप आणि टकमक टोकावर हेलिकॉप्टर येईल. येऊ द्या. स्पर्धेचे परीक्षक नाक मुरडतात, आमचेही गुण कापले होते.

७. बालवाडी बघायला जाल तेव्हा भिंती बघा

फी, बस, गणवेश सगळं विचाराच. पण वर्गात शिरल्यावर भिंतीवर काय लावलंय ते बघा. तीस मुलांची तीस फुलपाखरं, सगळी एकाच मापाने कापलेली आणि एकाच जागी टिकल्या चिकटवलेली असतील, तर ती बाईंनी केलेली आहेत. चित्रं वेडीवाकडी, एकमेकांहून वेगळी आणि मुलांच्या उंचीवर लावलेली असतील तर तिथे थोडं थांबून बोला. "मुलांना स्वतःच्या मनाने खेळायला रोज किती वेळ असतो?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानलाय आणि शिक्षण खेळातून द्यावं असं म्हटलंय. त्यामुळे "आम्ही ज्युनिअरपासूनच रोज गृहपाठ देतो" हे कुणी अभिमानाने सांगितलं तर नम्रपणे ते धोरण आठवून द्यायला हरकत नाही.

८. झालेल्या वस्तूंचं काय करायचं

हे कुणी सांगत नाही. महिन्याभरात घरात सत्तर चित्रं, चार राजवाडे आणि कशाचीही न वाटणारी एक वस्तू जमा होते. सगळं ठेवता येत नाही. चित्रांना मागे तारीख आणि मूल काय म्हणालं ते एक वाक्य लिहा. दर महिन्याला मुलानेच पाच निवडायची, ती फाइलमध्ये. पुठ्ठ्याच्या वस्तूंचा फोटो काढा, शेजारी मुलाला उभं करून, म्हणजे माप कळतं. मग वस्तू मोडायची असेल तर त्यालाच मोडू द्या, त्यातले भाग परत पेटीत जातात.

आणि टाकायचंच झालं तर रात्री, सुक्या कचऱ्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, अगदी तळाशी. मी एकदा घाईत राजवाडा वरच ठेवला. सकाळी थोरलीने दूध आणायला जाताना तो पाहिला, उचलून घरात आणला आणि पुसून टीव्हीवर ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. राजवाडा अजून तिथेच आहे.